टाचलेला व्हिसा, टोचणारा प्रश्न

लंडनहून जपानला निघालेली एक भारतीय महिला २१ नोव्हेंबर २०२५ रोजी विमान बदलण्यासाठी शांघायच्या विमानतळावर उतरली. चीनमध्ये हिंडण्याफिरण्याचा तिचा विचार नव्हता. काही तास थांबायचे आणि पुढचे विमान पकडायचे, एवढाच तिचा चीनशी संबंध. तिच्याजवळ भारत सरकारने दिलेले वैध पारपत्र होते आणि जिथे जायचे त्या जपानचा व्हिसाही होता. परंतु पारपत्रातील जन्मस्थानाच्या रकान्यात 'अरुणाचल प्रदेश' असे लिहिलेले होते. तेवढ्यावरून हे पारपत्रच अवैध आहे, असे चिनी अधिकाऱ्यांनी तिला सांगितले आणि सुमारे अठरा तास तिला तेथे अडकून पडावे लागले. भारतीय वकिलातीने धाव घेतली, तेव्हा कुठे तिची सुटका झाली. प्रकरणाचा बोभाटा झाल्यावर चिनी परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्या माओ निंग यांनी छळाचा आरोप फेटाळला, सारे काही कायद्यानुसार झाल्याचा निर्वाळा दिला आणि त्याच दमात 'झांगनान' हा चीनचा प्रदेश असून भारताने स्थापन केलेले अरुणाचल प्रदेश चीनला मान्य नाही, हेही ऐकवले. म्हणजे चूक विमानतळावरच्या एखाद्या कारकुनाची नव्हती. त्याने आपल्या सरकारचे धोरण तेवढे राबवले होते.

भारताने या वेळी तोंडदेखला निषेध करून विषय संपवला नाही, हे नमूद केले पाहिजे. बीजिंग आणि दिल्ली अशा दोन्ही ठिकाणी तीव्र निषेध नोंदवला गेला. चीनच्याच नियमांप्रमाणे कोणत्याही देशाचा नागरिक पुढच्या प्रवासासाठी २४ तासांपर्यंत विनाव्हिसा थांबू शकतो, तो नियम चीनने स्वतःच मोडला, हे परराष्ट्र मंत्रालयाने जाहीरपणे दाखवून दिले. डिसेंबरमध्ये तर चीनला जाताना किंवा चीनमार्गे प्रवास करताना भारतीयांनी तारतम्य बाळगावे, असा सल्लाही मंत्रालयाने दिला. परंतु या साऱ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न त्या अठरा तासांपुरता नाही. तो गेली वीस वर्षे भारताच्या पारपत्राला टोचतो आहे.

व्हिसाचे नियम हा एरवी रुक्ष विषय. ट्रॅव्हल कंपनीच्या टेबलावर कागदपत्रांची पूर्तता करायची, शुल्क भरायचे आणि विसरून जायचे. पण कोणता देश कोणाला विनाव्हिसा येऊ देतो आणि कोणाला ताटकळत ठेवतो, यावरून त्या देशाचे मन वाचता येते. चीनने १ डिसेंबर २०२३ पासून फ्रान्स, जर्मनी, इटली, नेदरलँड्स, स्पेन आणि मलेशिया या सहा देशांच्या नागरिकांना एकतर्फी व्हिसामाफी दिली. पुढे ही यादी वाढत वाढत चाळीसच्या वर गेली आणि मुक्कामाची मुदत १५ दिवसांवरून ३० दिवसांवर पोहोचली. डिसेंबर २०२४ मध्ये चीनमार्गे तिसऱ्या देशात जाणाऱ्या ५४ देशांच्या प्रवाशांना २४० तास, म्हणजे तब्बल दहा दिवस, विनाव्हिसा राहण्याची मुभा मिळाली. २०२५ मध्ये इंडोनेशिया या यादीतला ५५ वा देश ठरला. २०२५ संपेपर्यंत यांपैकी एकाही यादीत भारत नव्हता. कोणालाही मिळणारी २४ तासांची सवलत तेवढी भारतीयांच्या वाट्याला होती आणि शांघायमध्ये तीही नाकारली गेली.

भारताला या याद्यांत स्थान नाही, याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. भारतही चिनी नागरिकांना विनाव्हिसा येऊ देत नाही आणि सीमेवरची आजची स्थिती पाहता येऊ देऊही नये. आपल्या घरात कोणाला घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला असतो. कारण न सांगता व्हिसा नाकारण्याचाही असतो. परदेशी व्हिसा हा कोणाचाही जन्मसिद्ध हक्क नव्हे. चीनने अरुणाचलातील एखाद्याला व्हिसा नाकारला असता, तर तो त्या व्यक्तीपुरता विषय राहिला असता. पण चीनने काढलेली युक्ती वेगळी आहे आणि ती अधिक विषारी आहे.

ही युक्ती म्हणजे टाचलेला व्हिसा. नेहमीचा व्हिसा पारपत्राच्या पानावर छापला किंवा चिकटवला जातो. येण्याजाण्याचे शिक्केही पारपत्रावरच बसतात. टाचलेल्या व्हिसात पारपत्राला हातच लावला जात नाही. एका सुट्या कागदावर व्हिसा लिहायचा, स्टेपलरच्या पिनेने तो पारपत्राला जोडायचा, शिक्के त्या कागदावर मारायचे आणि प्रवासी परत निघाला की कागद काढून घ्यायचा. पारपत्र कोरे ते कोरेच. व्हिसा नाकारला तर 'आम्हाला हा मनुष्य नको' एवढाच त्याचा अर्थ होतो. व्हिसा टाचला तर 'मनुष्य चालेल, पण त्याच्या हातातले हे पारपत्र देण्याचा भारताला अधिकार नाही' असा अर्थ होतो. पहिल्यात व्यक्तीला नकार आहे, दुसऱ्यात राष्ट्राला. म्हणूनच पहिला सोसता येतो, दुसरा सोसता कामा नये.

या प्रकरणाची पार्श्वभूमीही पाहण्यासारखी आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ भारतात येणार होते. पाहुणा दारात येण्याच्या आधी काही दिवस चीनचे दिल्लीतील राजदूत सुन युशी यांनी संपूर्ण अरुणाचल चीनचा असल्याचे एका दूरचित्रवाणी वाहिनीवर सांगून टाकले. त्यानंतर सहा महिन्यांनी, मे २००७ मध्ये, भारतीय प्रशासकीय सेवेतील १०७ अधिकाऱ्यांचे पथक अभ्यासदौऱ्यासाठी चीनला जाणार होते. त्यांतील एक अधिकारी अरुणाचलचा होता. त्याला व्हिसा मिळाला नाही. तो चीनचाच नागरिक असल्याने त्याला चीनमध्ये येण्यासाठी व्हिसाची गरज नाही, असा त्यामागचा तर्क होता! जगातील ही बहुधा सर्वांत कुत्सित व्हिसामाफी असावी. भारताने तेव्हा संपूर्ण पथकाचा दौरा रद्द केला. त्या काळच्या सरकारच्या बोटचेपेपणावर टीका करण्यासारखे बरेच काही आहे, परंतु हा निर्णय योग्य होता. एकाला वगळून एकशे सहा जण गेले असते, तर चीनचा दावा भारतानेच मान्य केल्यासारखे झाले असते.

हेच तंत्र पुढे जम्मू-काश्मीरच्या रहिवाशांवर वापरले गेले. त्यांच्या पारपत्रांना सुटे कागद टाचले जाऊ लागले, तेव्हा नोव्हेंबर २००९ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर करावे लागले की, असा व्हिसा देशाबाहेर जाण्यासाठी ग्राह्य धरला जाणार नाही. यातला कावा ओळखायला हवा. अरुणाचलवर चीनचा निदान स्वतःचा दावा तरी आहे. जम्मू-काश्मीरच्या बाबतीत चीन पाकिस्तानची वकिली करत होता, आणि ती करताना पाकव्याप्त प्रदेशात स्वतःची कामे बिनदिक्कत चालू होती. ऑगस्ट २०१० मध्ये याचा कळस झाला. सैन्याच्या उत्तर विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल बी. एस. जसवाल यांना चीनने दौऱ्यासाठी परवानगी नाकारली, कारण त्यांच्या अखत्यारीत जम्मू-काश्मीर येत होते. ज्या भूमीचे रक्षण करणे हे त्यांचे कर्तव्य होते, तेच त्यांची अपात्रता ठरवण्यात आले.

या वेळी भारताने दोन गोष्टी केल्या. दोन्ही देशांमधील लष्करी भेटीगाठी थांबवल्या. आणि डिसेंबर २०१० मध्ये वेन जियाबाओ दिल्लीत आले, तेव्हा संयुक्त निवेदनात 'एक चीन' धोरणाचा आणि तिबेट चीनचा भाग असल्याचा नेहमीचा उल्लेख येऊ दिला नाही. वर्षानुवर्षे प्रत्येक निवेदनात यांत्रिकपणे येणारे ते वाक्य त्या दिवसापासून गळाले, ते आजतागायत. पुढच्या वर्षाच्या सुमारास जम्मू-काश्मीरच्या रहिवाशांसाठीचा टाचलेला व्हिसा गाजावाजा न होता बंद झाला. सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री झाल्यावर २०१४ मध्ये त्यांनी हाच धागा स्पष्ट शब्दांत पुढे नेला. भारताने एक चीन मानायचा असेल, तर चीननेही एक भारत मानला पाहिजे, असे त्यांनी सांगितले. चीनला दुखते कुठे, हे कळले की औषध सापडते, याचा यापेक्षा चांगला दाखला कोणता?

अरुणाचलच्या बाबतीत मात्र ते औषध लागू पडलेले नाही. आणि त्याची किंमत मोजली आहे ती कोवळ्या वयाच्या खेळाडूंनी. जानेवारी २०११ मध्ये भारोत्तोलनाच्या स्पर्धेसाठी निघालेले अरुणाचलचे एक खेळाडू आणि एक पदाधिकारी टाचलेल्या व्हिसामुळे दिल्लीच्या विमानतळावरून परत फिरले. ऑक्टोबर २०१३ मध्ये वूशी येथील जागतिक युवा तिरंदाजी स्पर्धेसाठी निवड झालेल्या अरुणाचलच्या दोन मुलींवर हीच वेळ आली. त्यांचे सहकारी विमानात बसले आणि या दोघी धनुष्ये घेऊन घरी परतल्या. जुलै २०२३ मध्ये चेंगदू येथील जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेसाठी वूशू संघातील अरुणाचलच्या तीन मुलींना पुन्हा टाचलेले व्हिसा देण्यात आले. इतरांना मात्र नेहमीचे. भारताने वूशूचा सगळा संघच थांबवला. सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांच्या वेळी त्याच तिघींची पुन्हा अडवणूक झाली, तेव्हा क्रीडामंत्री अनुराग ठाकूर यांनी आपला चीनदौरा रद्द केला, परंतु संघ मात्र स्पर्धेत उतरला.

जुलैमध्ये संपूर्ण संघ मागे घेतला आणि सप्टेंबरमध्ये तिघींना सोडून बाकीचे खेळले, या दोन निर्णयांतील अंतर बारकाईने पाहिले पाहिजे. आशियाई स्पर्धा मोठी, शेकडो खेळाडूंची चार-चार वर्षांची मेहनत तिथे पणाला लागलेली, त्यामुळे सरकारची अडचण समजण्यासारखी आहे. भारताने त्या स्पर्धेत शंभराचा टप्पा ओलांडून १०७ पदके मिळवली, देशभर आनंदोत्सव झाला. त्या आनंदात अरुणाचलच्या तीन घरांत काय वाटले असेल, याची विचारपूस फारशी झाली नाही. वूशू हा मूळचा चिनी युद्धकलेचा खेळ. चीनचाच खेळ शिकून चीनमध्येच त्यात उतरायला निघालेल्या मुलींना चीनने दारात अडवावे, ही विसंगती चीनला जाणवणार नाही. भारतीयांना ती बोचली पाहिजे.

चीनशी व्हिसाचा प्रश्न निघाला की भारतीय मनाला आठवतो कैलास. या वाटेवर व्हिसामाफीचा एक विसरला गेलेला अध्याय आहे. २९ एप्रिल १९५४ रोजी बीजिंगमध्ये जो करार झाला तो 'पंचशील' या नावाने प्रसिद्ध झाला. प्रत्यक्षात तो चीनच्या तिबेट प्रदेशाशी भारताच्या व्यापाराचा आणि ये-जा करण्याचा करार होता, आणि पाच तत्त्वे त्याच्या प्रस्तावनेत होती. त्यात लिपुलेख, नीती, माणा, शिपकी अशा सहा खिंडींची नावे आहेत. सीमेवरच्या रहिवाशांना नातेवाइकांच्या भेटीसाठी वा किरकोळ व्यापारासाठी पलीकडे जायला पारपत्र नको, व्हिसा नको, अशी तरतूद होती. हमाल आणि खेचरवाले यांना ठरावीक मुदतीचा दाखला पुरे होता. आणि यात्रेकरूंना? त्यांना तर कोणताही ओळखदाखला बाळगण्याची सक्ती नव्हती. पलीकडच्या चौकीवर नाव नोंदवायचे आणि यात्रेचा परवाना घ्यायचा, की कैलास-मानसरोवराची वाट मोकळी. शतकानुशतके चालत आलेल्या परंपरेला त्या तरतुदीने कागदावर आणले होते. वाचताना आजही हेवा वाटावा अशी ती आहे.

परंतु ही सवलत कशाच्या बदल्यात आली? सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी पंडित नेहरूंना लिहिलेल्या पत्रात तिबेट गिळंकृत झाल्यावर उत्तर सीमेवर काय वाढून ठेवले आहे, ते स्वच्छ शब्दांत मांडले होते. डॉ. लोहियांनी तिबेटवरील आक्रमणाला शिशुहत्या म्हटले. श्रीगुरुजींनीही चीनच्या विस्तारवादाबद्दल वारंवार सावध केले. यांपैकी कोणाचेही न ऐकता १९५४ मध्ये तिबेटला चीनचा प्रदेश म्हणून मान्यता दिली गेली, यातुंग आणि ग्यांत्से येथील भारतीय सैनिकी तुकड्या परत बोलावण्यात आल्या, टपाल-तार व्यवस्था आणि विश्रामगृहे सोडून देण्यात आली. मोबदल्यात सीमा कुठे आहे, हे एका ओळीतही लिहून घेतले नाही. आचार्य कृपलानींनी पंचशीलाचा जन्मच पापातून झाल्याचे लोकसभेत सुनावले, ते यामुळेच. कराराची मुदत आठ वर्षांची. जून १९६२ मध्ये ती संपली, व्हिसामाफीही संपली आणि चार महिन्यांनी चिनी फौजा तवांगपर्यंत येऊन धडकल्या. ज्या राज्याच्या नावामुळे शांघायमध्ये पारपत्र अवैध ठरवले गेले, त्याच भूमीवर.

कैलासाची वाट त्यानंतर जवळपास दोन दशके बंद राहिली. १९८१ मध्ये सुब्रह्मण्यम स्वामी यांनी तेंग शियाओपिंग यांच्याकडे हा विषय काढला आणि त्याच वर्षी पहिली तुकडी लिपुलेखमार्गे गेली. २०१५ मध्ये नथुलाचा मार्गही खुला झाला. डोकलामच्या वेळी, २०१७ मध्ये, चीनने तो अडवला. २०२० मध्ये महासाथ आली, गलवानमध्ये वीस जवान हुतात्मा झाले आणि यात्रा पुन्हा पाच वर्षे थांबली. २०२५ च्या उन्हाळ्यात ती सुरू झाली, तेव्हा लिपुलेखमार्गे ५० जणांच्या पाच आणि नथुलामार्गे ५० जणांच्या दहा, अशा पंधरा तुकड्यांत ७५० जणांना संधी होती. १८ ते ७० हे वय हवे, हृदय आणि फुप्फुसे १८ हजार फुटांच्या वरचा डोल्मा घाट सोसणारी हवीत, अर्जदार भारतीय नागरिकच हवा आणि संगणकाच्या सोडतीत नाव निघायला हवे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या मंडळींना या सरकारी यात्रेत प्रवेश नाही. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत आजी-आजोबा वर्षानुवर्षे या सोडतीकडे डोळे लावून बसलेले असतात. ज्यांना तेवढा धीर नसतो, ते नेपाळमार्गे खासगी यात्रा कंपन्यांबरोबर जातात.

नेपाळमार्गे जाणाऱ्यांना काठमांडूतून मिळणारा चिनी व्हिसा सामूहिक असतो. सर्वांची नावे असलेला तो एक वेगळा कागद असतो आणि पारपत्रावर त्याची खूण उमटत नाही. मग टाचलेल्या व्हिसावरच आक्षेप का, असे कोणी विचारू शकेल. उत्तर सोपे आहे. सामूहिक व्हिसाचा कागद नाशिकच्या, चेन्नईच्या आणि जयपूरच्या यात्रेकरूला सारखाच. त्यात भेदभाव नाही, म्हणून अपमान नाही. आक्षेप कागदाच्या सुटेपणावर नसून, एकाच देशाच्या पारपत्रांची दोन ढिगांत वाटणी करण्यावर आहे.

आता असा विचार करावा. सोडतीत अरुणाचलच्या एखाद्या भाविकाचे नाव निघाले, तर? ज्या सियांग नदीच्या काठी तो लहानाचा मोठा झाला, ती मानसरोवराच्या पूर्वेकडील हिमनद्यांतून उगम पावते, तिबेटात यारलुंग त्सांगपो म्हणून वाहते, अरुणाचलात सियांग होते आणि आसामात ब्रह्मपुत्र. नदीला तिकडून इकडे यायला कोणी व्हिसा विचारला नाही. त्या नदीच्या उगमाकडच्या भूमीवर दर्शनाला जाणाऱ्या तिच्याच लेकराला मात्र 'तुझे पारपत्र खोटे' हे ऐकावे लागणार. पुण्याचा यात्रेकरू आणि पासीघाटचा यात्रेकरू एकाच देवाच्या दर्शनाला निघाले असताना एकाच्या पारपत्राला मान आणि दुसऱ्याच्या पारपत्राला पिन, हे कोणत्या हिंदू मनाला पटेल?

काही विद्वान येथे एक मखलाशी करतात. अरुणाचलात जायला खुद्द भारतीयांनाही इनर लाइन परमिट लागते, मग चीनला नावे का ठेवता, असे ते विचारतात. १८७३ च्या नियमातून आलेला तो परवाना जनजातींच्या जमिनी आणि जीवनपद्धती यांच्या संरक्षणासाठी आहे. त्याने कोणाचे नागरिकत्व बदलत नाही. हिमाचल किंवा उत्तराखंडातही परप्रांतीयांना जमीन घेण्यावर बंधने आहेत, म्हणून ती राज्ये परकी ठरत नाहीत. असो.

मुद्दा भारताने काय करावे हा आहे. व्हिसाच्या हत्याराला व्हिसानेच उत्तर देता येते, याचे दाखले याच संबंधांत आहेत. २०१२ मध्ये चीनने आपल्या नव्या पारपत्रांवर अरुणाचल आणि अक्साई चीन स्वतःचे दाखवणारा नकाशा छापला. त्यावर शिक्का मारणे म्हणजे नकाशा मान्य करणे. भारताने आरडाओरडा केला नाही. चिनी नागरिकांना दिल्या जाणाऱ्या व्हिसावर भारताचा खरा नकाशा उमटवायला सुरुवात केली. चिनी पर्यटक आपल्याच पारपत्रात भारताचा पूर्ण नकाशा बाळगून फिरू लागला. यापेक्षा देखणे उत्तर सुचले नसते. महासाथीनंतर चीनने भारतातील सुमारे २२ हजार विद्यार्थ्यांना परत येण्यास मनाई चालू ठेवली, त्यांची वैद्यकीय शिक्षणाची वर्षे वाया जाऊ लागली. एप्रिल २०२२ मध्ये भारताने चिनी नागरिकांचे पर्यटक व्हिसा रद्दबातल ठरवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चीनने विद्यार्थ्यांसाठी व्हिसा पुन्हा सुरू केले. केवळ त्या एका कारणाने चीन नमला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण हातात काहीतरी असलेला माणूस वाटाघाटीला बसतो तेव्हा समोरचा नीट ऐकतो.

उलट, हातातले आधीच देऊन टाकले तर काय होते, याचेही दाखले आहेत आणि ते आपल्या विचारांच्या सरकारच्या काळातले असले तरी सांगितले पाहिजेत. मे २०१५ मध्ये पंतप्रधानांनी बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात चिनी पर्यटकांसाठी ई-व्हिसा जाहीर केला. अरुणाचलच्या नागरिकांसाठी त्या बदल्यात काही मिळाले नाही. एप्रिल २०१६ मध्ये मसूद अझहरला पाठीशी घालणाऱ्या चीनला उत्तर म्हणून उइघुर नेते दोल्कुन इसा यांना व्हिसा दिल्याचे दिसले आणि अनेकांना बरे वाटले. दोन-चार दिवसांत तो रद्द झाला. दिलेला व्हिसा असा परत घेण्यापेक्षा न दिलेला बरा होता. शत्रूला इशारा द्यायचा तर तो पचवण्याची तयारी आधी आपली हवी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कझान येथे दोन्ही नेत्यांची भेट झाली आणि संबंध सुधारण्याची नवी पायरी सुरू झाली. २०२५ मध्ये यात्रा सुरू झाली, २४ जुलैपासून चिनी पर्यटकांना भारताचे व्हिसा पुन्हा मिळू लागले, ऑक्टोबरअखेर कोलकाता ते ग्वांगझोऊ थेट विमान उडाले. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले तेव्हा पर्यटक, व्यावसायिक आणि पत्रकार यांच्या व्हिसाची वाट सुकर करण्याचे आणि २०२६ पासून यात्रेचा विस्तार करण्याचे ठरले. शेजाऱ्याशी बोलणे चालू राहावे, व्यापारी, विद्यार्थी आणि भाविक यांची सोय व्हावी, याला विरोध करण्याचे कारण नाही. आखाड्यात उभ्या असलेल्या मल्लालाही प्रतिस्पर्ध्याशी बोलावे लागते. परंतु या साऱ्या समेटात टाचलेल्या व्हिसाचा उल्लेख जाहीररीत्या कुठेच आला नाही, ही मोठी उणीव राहिली. मे २०२५ मध्येच चीनने अरुणाचलातील आणखी २७ ठिकाणांना चिनी नावे देऊन आपला इरादा कळवला होता. नोव्हेंबरमध्ये शांघाय घडले. सवलती देताना अट घातली नाही, तर समोरचा त्या सवलतींना आपला हक्क समजतो.

म्हणून भारताच्या प्रत्येक पारपत्राला एकच व्हिसा, ही पहिली अट हवी. चिनी नागरिकांना व्हिसा देण्याची जी जी ढील यापुढे दिली जाईल, तिचा प्रत्येक टप्पा या अटीशी बांधला जावा. चीनमध्ये होणाऱ्या स्पर्धांबाबत क्रीडा मंत्रालयाने आणि खेळांच्या संघटनांनी आंतरराष्ट्रीय महासंघांकडून आधीच लेखी हमी मागावी की, निवडलेल्या सर्व खेळाडूंना समान प्रवेश मिळेल. आणि 'सगळे किंवा कोणीच नाही' हा २००७ चा व जुलै २०२३ चा दंडक लहान स्पर्धेला एक आणि मोठ्या स्पर्धेला दुसरा असा वाकवू नये. तो कठोर आहे, त्याने पदके जातील, हे मान्य. पण २०१३ मध्ये ज्या दोन मुली एकट्या घरी परतल्या, त्यांच्या जागी सगळा संघ परतला असता, तर पुढच्या वेळी चीनने पिन लावण्याआधी दोनदा विचार केला असता.

समाजाचेही यात काही काम आहे. विवेकानंद केंद्राच्या शाळा १९७७ पासून अरुणाचलात चालू आहेत. केंद्राची उभारणी करणारे एकनाथजी रानडे महाराष्ट्राचे. १९६६ पासून 'अंतरराज्य छात्र जीवन दर्शन' या उपक्रमात ईशान्येकडील मुले मुंबई-पुण्याच्या घरांत पाहुणी म्हणून राहून गेली आहेत आणि कित्येक घरांशी त्यांचे नाते आजही टिकून आहे. हे काम करणाऱ्यांना अरुणाचल नकाशावर शोधावा लागत नाही. पण बाकीच्यांचे काय? जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या एका कोवळ्या विद्यार्थ्याला चेहऱ्यावरून आणि केसांवरून हिणवले गेले, मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. आपल्याच राजधानीत 'चिनी' म्हणून चिडवल्या जाणाऱ्या मुलाला शांघायमध्ये 'तू चिनीच आहेस' म्हणून अडवले जाते. चिनी अधिकाऱ्याची मुजोरी भारत सरकारने मोडायची आहे. दिल्ली-पुण्याच्या वसतिगृहांतली आणि बसथांब्यांवरची मुजोरी मोडायला बीजिंगशी वाटाघाटी करण्याची गरज नाही.

यात्रेपुरते सांगायचे तर विषय पुढच्या सोडतीच्या आधीच सुटू शकतो. यात्रेकरूंच्या तुकड्यांचे व्हिसा सरकारी व्यवस्थेतून होतात, त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाने चीनकडून लेखी खात्री घ्यावी की, तुकडीतील सर्वांना, मग ते कोणत्याही राज्यातले असोत, एकाच प्रकारचा व्हिसा मिळेल. ती खात्री मिळाली नाही आणि अरुणाचलच्या एखाद्या भाविकाला लिपुलेखच्या किंवा नथुलाच्या अलीकडे थांबवले गेले, तर त्याच्या तुकडीतल्या उरलेल्या एकोणपन्नास जणांनी काय करायचे, हेही अर्ज भरतानाच प्रत्येकाला विचारून ठेवावे.